पेटी कुणाच्या घरी राहणार?

नमस्कार श्रोतेहो. आज मी आमच्या पेठेतल्या कलामंडळाची गोष्ट सांगणार आहे. या मंडळाचं नाव सोलापूरबाहेर कुणी ऐकलेलं नसेल. पेठेतही सगळे त्याला नुसतं 'मंडळ' म्हणतात, म्हणून मीही तेवढंच म्हणते.

आमचा हा पूर्व भाग. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक हा सगळा टापू. एका दारात तेलुगू, शेजारच्या दारात मराठी, पलीकडे कन्नड आणि उर्दू. 1877 मध्ये सोलापुरात जुनी गिरणी उभी राहिली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आजूबाजूच्या खेड्यांतून दुष्काळाला कंटाळलेली माणसं आली. येताना प्रत्येकानं आपापली भजनं आणली, कुणी टाळ आणले, कुणी लेझमी. शाहीर राम जोशींच्या या गावात गाण्याला तोटा कधीच नव्हता.

मंडळाचा उगम गणपतीतल्या मेळ्यात आहे. गिरणीतल्या नि मागावरच्या पोरांनी मेळा काढला होता. दहा दिवस चौकाचौकांत गायचं, उरलेलं वर्ष पाळी करायची. पुढे मेळ्यांचे दिवस सरले, पोरं संसाराला लागली. मागे राहिली एक पेटी, तबला-डग्गा, चार जोड झांजा आणि कपड्यांची एक ट्रंक. आता ही पेटी कुणाच्या घरी राहणार, यावरून भांडण जुंपलं. सगळ्यांनी मिळून वर्गणीतून घेतलेली, त्यामुळे ती विकायलाही कुणी तयार नाही. शेवटी मारुतीच्या पारावर बसून ठरलं की पेटी कुणाच्याच मालकीची नाही. एकेक महिना एकेका घरी राहील आणि नेणारा वहीत सही करील. ती वही म्हणजे आमच्या मंडळाचा जन्मदाखला. नाटकं, स्पर्धा, बक्षिसं हे सगळं त्यानंतरचं.

नोंदणी पुढे झाली. धर्मादाय आयुक्तांकडे संस्था नोंदवायची म्हणजे किमान सात माणसं लागतात, घटना लागते, आणि एकदा नोंद झाली की दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो. आमच्या कागदावर सहा सह्या आहेत. सातव्या जागी अंगठा आहे. तो माझ्या आजीचा. ती मंडळाची खजिनदार होती.

आजी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कंबरेला कात्री. हात चालू असतानाच ती तालमीला बसायची. अक्षरओळख नव्हती, पण सगळ्यांचे संवाद तिला तोंडपाठ. कुणी अडलं की मान वर न करता पुढचं वाक्य सांगायची. हिशेबही तसाच डोक्यात. वही लिहायला शाळेतला एक पोरगा असायचा, आजी तोंडानं सांगायची. कारखान्यात विड्या मोजून देणारी बाई ती, तिच्या मोजणीत चूक कुणाला सापडली नाही. "वर्गणी दिली का रे? मग बस पुढं," असं ती मोठमोठ्यांना ऐकवायची. आणि ज्याच्याकडे खरंच नसेल त्याच्या नावापुढे 'येणे' लिहायला लावून त्यालाही पुढंच बसवायची.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हाची पानं वाचताना आजही मला गलबलून येतं. 'येणे, येणे, येणे' असं पानच्या पान. त्या वर्षांत एका विणकराकाकांनी पैशांऐवजी डागी चादरी दिल्या. बाजारात न चालणाऱ्या, कुठं सूत तुटलेलं, कुठं रंग उतरलेला. त्या चार-चार शिवून आम्ही रंगमंचाचे पडदे केले. तुम्हांला ठाऊकच आहे, सोलापुरी चादर दुहेरी विणीची. एका बाजूला नक्षीला जो रंग, तोच उलट्या बाजूला जमिनीला. दिवसाच्या प्रवेशाला फिकी बाजू लावायची आणि रात्रीच्या प्रवेशाला पडदा पालटून गडद बाजू पुढे आणायची. नेपथ्यावर दमडी खर्च नाही. फक्त जाड चादरी आवाज पिऊन टाकायच्या, म्हणून आमच्या नटांना खणखणीत बोलायची सवय लागली. ती अजून आहे.

थोरल्या मंडळींपुढे आदर्श होता शाहीर अमर शेखांचा. ते आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे, जन्म 1916 चा. कलापथकाला ढोलकी, डफ आणि उघडं मैदान पुरतं, हे त्यांच्या पिढीनं दाखवून दिलं होतं. आमच्या मंडळाला तेवढंच परवडणारंही होतं.

हुतात्मा स्मृती मंदिरात आम्ही उभे राहिलो ती तारीख मात्र वहीत लाल शाईनं लिहिली आहे. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. त्यांच्या नावाच्या वास्तूत प्रयोग करायचा तर पडदा उघडण्याआधी चौघांची नावं घ्यायची, असा आमचा नेम आहे. पहिल्या वेळी ती नावं आजीनं घेतली. विंगेत उभी राहून, माईक न घेता.

आजी गेली, वही माझ्याकडे आली. माझ्या मते मंडळ टिकलं ते या हिशेबामुळे. चांगले नट आले, गेले, काही पुण्या-मुंबईला मोठे झाले, त्याचा आम्हांला आनंदच आहे. पण कुणाकडे काय आहे आणि कुणाचं काय देणं आहे हे लिहून ठेवणारं माणूस पेठेत कायम होतं.

मागच्या पावसाळ्यात पत्रा गळला आणि मधली पंधरा-वीस पानं भिजली. पंख्याखाली वाळवली, तरी शाई पसरायची ती पसरलीच. म्हणून श्रोतेहो, पूर्व भागात कुणाच्या घरी जुनं हँडबिल असेल, मेळ्यातल्या पदांची वही असेल, ग्रुप फोटो असेल, तर जपून ठेवा आणि आम्हांला बघायला द्या. फोटो काढून लगेच परत करू. काहीच नसेल, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एखादं पद आठवत असेल, तर आम्ही येऊन लिहून घेऊ. तेलुगूतलं असलं तरी चालेल.

या महिन्यात पेटी आमच्या समोरच्या घरी आहे. सही झाली आहे. संध्याकाळी त्यांची नात सूर शोधत बसते. वरच्या सप्तकातला पंचम दाबला की तो वर येतच नाही, बोटानं उचलावा लागतो. दुरुस्तीचे पैसे बाजूला काढून ठेवलेत, तशी वहीत नोंदही केली आहे.