मिलिमीटरभर कृमी, हातभर नाव

हा सूत्रकृमी जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा आहे. अंग इतकं पारदर्शक, की जिवंतपणीच त्याचं आतडं, पोटातली अंडी, त्या अंड्यांत विभागणाऱ्या पेशी, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. नाव मात्र एका दमात म्हणता येऊ नये असं: सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स.

यातला शेवटचा शब्द आधी आला. एमिल मोपा हे अल्जियर्समधले फ्रेंच ग्रंथपाल. नोकरी पुस्तकांची, ओढ सूक्ष्म जिवांची. तिथल्या मातीत त्यांना हा कृमी मिळाला. यातले बहुतेक कृमी उभयलिंगी असतात, एकट्यानंच पिल्लं जन्माला घालतात. नर क्वचितच आढळतो. मोपांनी त्याच्या प्रजननाचा कसून अभ्यास केला आणि १९०० साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं ऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. 'ऱ्हॅब्डोस' म्हणजे ग्रीकमध्ये काठी. 'एलिगन्स' लॅटिन: डौलदार, देखणा. आता त्याची चाल पाहा. एका कुशीवर पडून, अंगातून लाट सोडत तो पुढे सरकतो. मला तरी याहून नेमका शब्द सुचत नाही.

मग 'सीनो' कुठून आलं? ऱ्हॅब्डायटिस या प्रजातीत (म्हणजे 'जीनस', जवळच्या जातींच्या गटात) तोवर बऱ्याच कृमींची गर्दी झाली होती. १९५२ साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ग्युंटर ओशे यांनी त्यातल्या काहींची उपप्रजाती वेगळी काढली. ग्रीक 'कायनोस', म्हणजे नवा; त्यावरून सीनोऱ्हॅब्डायटिस. तीन वर्षांनी एल्सवर्थ डॉहर्टी यांनी तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला.

१९६३ मध्ये जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर चेतासंस्थेच्या अभ्यासासाठी साधासा प्राणी शोधत होते. त्यांनी पुढे हाच निवडला, आणि प्रयोगशाळांमध्ये 'सी. एलिगन्स' हे सुटसुटीत नाव रुळलं. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात, प्रजननपेशी सोडल्या तर, ९५९ पेशी. त्यातल्या ३०२ चेतापेशी. त्या प्रत्येक पेशीची वंशावळ आज माहीत आहे. हे काम ज्या वाणावर झालं, तो अल्जीरियाचा नव्हे, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा, अळिंब्यांच्या खतात सापडलेला.

प्राण्यांच्या नामकरणाचा एक नियम आहे: प्रजाती बदलली तरी जातीचं नाव तेच राहतं, आणि मूळ नाव देणाऱ्याचं आडनाव कंसात जातं. म्हणून पूर्ण नोंद अशी होते: सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स (मोपा, १९००).