आधी थ्रो, बॅट नंतर

(रिकामं मैदान, सकाळ. फक्की मारणारा हात.)

पुण्याच्या बाहेरचं एका शाळेचं मैदान आहे हे. रविवार, सकाळचे पावणेसात. सर एकटेच आलेत, हातात सुतळीचं बंडल आणि फक्कीची पिशवी. बेसबॉलचं मैदान म्हणजे चौकोनच, फक्त कोपऱ्यावर उभा केलेला. मोठ्यांच्या खेळात एका बेसपासून, म्हणजे एका कोपऱ्यापासून, पुढच्या बेसपर्यंत 90 फूट असतात, पण शिकाऊ पोरांसाठी सर 60 फूटच घेतात, अमेरिकेत लहान मुलांच्या लिटल लीगमध्येही तेवढंच असतं. 60 फुटांवर सुतळीला गाठ मारायची, आणि होम प्लेटपासून, म्हणजे बॅट्समन उभा राहतो त्या कोपऱ्यापासून, समोरच्या सेकंड बेसपर्यंत आडवं मोजलं की 84 फूट 10 इंच यायला पाहिजेत, आले की चारही कोपरे बरोबर बसले.

(मुलं धावत येतात.)

बघा, सगळी आधी बॅटकडे पळतायत. क्रिकेट खेळत मोठी झालेली पोरं आहेत, बॅट दिसली की हात शिवशिवणारच. पण सरांनी बॅटांची बॅग उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवलीय. पहिले तीन रविवार बॅटला हात लावायचा नाही. फक्त फेकायचं आणि झेलायचं. आम्हालाही हेच मनापासून पटलंय आणि म्हणूनच हे शूट केलं, कारण बेसबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लांब गेलेला फटका येतो, आणि खेळ तर सगळा हातावर उभा आहे.

(चेंडू, अगदी जवळून.)

हा चेंडू. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित मोठा, पण वजनाला हलका, 142 ते 149 ग्रॅम. लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके. शिवण कशी वळलीय बघा, घोड्याच्या नालेसारखी. पहिली दोन बोटं त्या नालेवर आडवी ठेवायची, अंगठा खाली, आणि चेंडू तळहातात रुतवायचा नाही, मध्ये थोडी जागा सोडायची. असा धरून सोडला की चेंडू उलटा फिरत जातो आणि सरळ जातो. मुठीत आवळून टाकला की कुठेही जातो, पुढचे दोन शॉट त्याचेच आहेत.

(एक गुडघा टेकून बसलेली मुलं, समोरासमोर.)

हे आम्हाला सगळ्यात आवडलेलं. उजव्या हाताने टाकणाऱ्याने उजवा गुडघा जमिनीवर टेकायचा, आणि नुसत्या वरच्या अंगाने थ्रो करायचा. पाय बाद झाले की हात काय करतोय ते लगेच कळतं. कोपर खांद्याच्या खाली गेलं की सर काही बोलत नाहीत, नुसतं एक बोट कोपराखाली लावतात. मग उभं राहायचं, ग्लोव्हजवाला खांदा समोरच्याकडे, त्याच बाजूचा पाय त्याच्या दिशेने टाकायचा, कंबर वळली की मागून हात येतो, आणि शेवटी मागचा पाय आपोआप पुढे येतो. तो पाय मागेच चिकटून राहिला तर समजायचं की सगळा थ्रो खांद्याने मारलाय.

मुलींना फेकता येत नाही असं जे म्हणतात ना, त्यांनी हा शॉट थांबवून बघावा. ही डावीकडची पोर आईबरोबर शेतात जाते, ज्वारीवरची पाखरं हाकलायला गोफण फिरवत आलीय ती. तिचा पाऊल टाकायचा टायमिंग बघा. फेकायला कुणी चेंडूच दिला नाही तर येणार कसं, एवढंच आहे ते. 2008 मध्ये अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने करारबद्ध केलेले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोघं उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, त्या वर्षाआधी बेसबॉल खेळलेही नव्हते. हात तयार होता.

(ग्लोव्हजची रांग. आवाज.)

आता ग्लोव्हज. क्रिकेटवाल्यांची इथे पंचाईत होते, कारण आपल्याला ओंजळ करून झेलायची सवय. इथे चेंडू कमरेच्या वर आला की बोटं आकाशाकडे, कमरेच्या खाली आला की बोटं जमिनीकडे, आणि दुसरा हात शेजारीच, झाकणासारखा. तोंड फिरवायचं नाही. सुरुवात टेनिस बॉलनेच करतात, त्यामुळे भीती लवकर जाते.

आणि ही लाल रिबीनवाली, डावखुरी. ग्लोव्हज नेहमी न फेकणाऱ्या हातात घालायचा असतो, म्हणजे हिला उजव्या हातात हवा. किटमध्ये 12 ग्लोव्हज आहेत, सगळे डाव्या हातात घालायचे. म्हणून ती काय करते बघा, डाव्या हातात घालते, झेलते, ग्लोव्हज काखेत दाबून हात बाहेर काढते, चेंडू घेते आणि त्याच डाव्या हाताने फेकते. प्रत्येक वेळी. तीन रविवार तिने हेच केलं. इथे आम्ही काही बोलत नाही.

(बॅटिंग.)

चौथ्या रविवारी बॅट निघाली. पीव्हीसी पाइपवर रबरी नळी बसवलीय, तिच्यावर चेंडू ठेवून मारायचं, याला टी म्हणतात. सरळ बॅट, पुढचं कोपर वर, हे सगळं विसरायचं. दार ठोठावताना जी पेरं वापरतो ती दोन्ही हातांची एका रेषेत, बॅट खांद्याशी, आणि आधी कंबर फिरवायची, बॅट मागून येते. मागे लेट कट मारला तर तो फाऊल, फेअर चेंडू समोरच्या दोन रेषांच्या आतच. आणि मारला की बॅट टाकून द्यायची आणि फर्स्ट बेसकडे, उजवीकडच्या कोपऱ्याकडे, पळायचं! हा मुलगा बॅट घेऊनच पळाला, हा पण, ही पण. फर्स्ट बेसवर थांबायचं नाही, तुडवून सरळ पुढे जायचं, तिथे चालतं. सेकंड आणि थर्डला मात्र बेसवरच थांबावं लागतं, पुढे गेलं आणि चेंडूसकट ग्लोव्हज अंगाला लागला की आऊट.

खांदा दुखला तर त्या दिवशी बंद. लिटल लीगमध्ये 11-12 वर्षांच्या पिचरला, म्हणजे बॅट्समनला चेंडू टाकणाऱ्याला, दिवसाला 85 पिचची, म्हणजे 85 चेंडूंची, मर्यादा आहे, सर त्याच्या निम्म्यावरच थांबवतात.

(सहावा रविवार. दोन टीम.)

फर्स्ट बेसवर कोण उभंय बघा. लाल रिबीन. उजव्या हातात ग्लोव्हज, सरांनी कुठून तरी जुना मिळवलाय, लेस एका बाजूने दुसऱ्या रंगाची आहे. फर्स्ट बेसला डावखुरं माणूस फायद्याचं असतं, कारण त्याचा ग्लोव्हजवाला हात मैदानाकडे असतो, आणि सेकंडला चेंडू टाकायला अंग पूर्ण वळवावं लागत नाही. एक पाय बेसला टेकलेला, दुसरा लांब पुढे.

चेंडू शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मध्ये उभ्या असलेल्या खेळाडूकडे गेलाय, बोटं खाली, उचलला, पाऊल टाकलं, कोपर वर.

(चेंडू ग्लोव्हजमध्ये बसल्याचा आवाज. चित्र तिथेच.)