चरबीची कणगी

आधी हे दोघे डॉक्टर बघून घ्या. एक आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सेम, 22.3, म्हणजे उंची-वजनाच्या हिशोबात दोघंही फिट. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के, डबलच्याही वर! 2004 साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात हे छापून आलं आणि दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी पहिल्या अक्षरावरून, म्हणजे वायवरून, त्याला वाय-वाय पॅराडॉक्स असं नाव पडलं. आपल्याकडे म्हणतात ना, बारीकच आहे बिचारा, खाल्लेलं अंगाला लागत नाही. लागलेलं असतं हो, फक्त वरून दिसत नाही.

बरं, चरबी साठवायची तर कणगी लागणार. ती कणगी म्हणजे चरबीची पेशी, आणि ती काय आपोआप विणली जात नाही.

त्यासाठी जाऊया अमेरिकेत, एमआयटीमध्ये, 1974 साली. हॉवर्ड ग्रीन नावाचे शास्त्रज्ञ, त्यांच्याकडे उंदराच्या गर्भातून काढलेल्या साध्यासुध्या पेशी होत्या, नाव थ्री-टी-थ्री, कारण दर 3 दिवसांनी 3 लाख पेशी नवीन डिशमध्ये टाकायच्या, असा त्यांचा रतीब. आता डिश गच्च भरली की या पेशी वाढायच्या थांबतात. पण तशाच ठेवून दिल्या तर त्यातल्या काहींच्या पोटात चकचकीत थेंब दिसायला लागले, चरबीचे थेंब! त्या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या, आणि आज जगभरातल्या लॅबमध्ये चरबीचा अभ्यास ज्यांच्यावर होतो त्या थ्री-टी-थ्री-एल-वन पेशी त्या ह्याच.

मायक्रोस्कोपखाली बघताना खरंच मजा येते. सुरुवातीला पेशी लांबुडक्या, चपट्या, एकमेकींना चिकटून पडलेल्या. मग त्यांना तीन गोष्टींचं मिश्रण द्यायचं, इन्सुलिन, डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड आणि आयबीएमएक्स, जे आपल्या चहा-कॉफीतल्या कॅफीनच्या भावकीतलंच एक रसायन. थांबलेल्या पेशी पुन्हा एक-दोनदा विभागतात, मग कायमच्या थांबतात आणि हळूहळू गोल व्हायला लागतात. चार-पाच दिवसांत आत बारीक थेंब, आठवड्याभरात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे, आणि वरून लाल रंग टाकला की अख्खी डिश लालभडक. आपल्या अंगातल्या पूर्ण भरलेल्या पेशीत तर एकच मोठा थेंब असतो आणि बिचारं केंद्रक कडेला चेपून बसलेलं, अंगठीच्या खड्यासारखं.

आत काय घडतं? सी-ईबीपी बीटा आणि डेल्टा ही दोन प्रोटिन्स आधी जागी होतात आणि ती मेन स्विच दाबतात, त्याचं नाव पीपीएआर-गॅमा. 1994 मध्ये बोस्टनला ब्रूस स्पीगलमन यांच्या लॅबने हे एकटं प्रोटिन साध्या पेशींमध्ये घातलं, सोबत त्याला चालना देणारं रसायन, तर त्या पेशी चक्क चरबीच्या झाल्या. पुढे पीपीएआर-गॅमा आणि सी-ईबीपी अल्फा एकमेकांना चालू ठेवतात, म्हणून सुरुवातीचं मिश्रण काढून घेतलं तरी पेशी सहसा मागे फिरत नाही.

ब्रेकही आहेत. प्रेफ-वन हे प्रोटिन कच्च्या पेशीच्या अंगावर असतं, ते आहे तोवर चरबी बनू देत नाही. आणि व्हिंट नावाचे सिग्नल, ते तर मूळ पेशीला हाडाच्या बाजूला ओढतात, कारण तीच मूळ पेशी हाडाचीही होऊ शकते आणि चरबीचीही.

आता तुम्ही म्हणाल, मग हा स्विच बंदच करून टाका की. पण उलटं आहे. पायोग्लिटाझोन ही डायबिटीसची गोळी, आपल्याकडे बऱ्याच घरांत औषधांच्या डब्यात सापडेल, ती हाच स्विच चालू करते. म्हणजे चरबीच्या पेशी वाढवते, वजनही वाढतं, आणि शुगर मात्र उतरते! कारण त्वचेखाली नवीन कणग्या तयार झाल्या की लिव्हरमध्ये सांडलेली चरबी तिकडे जाते. (ही गोळी 2013 च्या जूनमध्ये भारतात बंद केली होती, मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून, आणि जुलै संपता संपता इशारा छापून परत सुरू केली, पण तो वेगळा व्हिडिओ होईल.) काही मुलं जन्मतः जवळजवळ चरबीच्या पेशींशिवाय असतात, आणि त्यांना फॅटी लिव्हर होतं, पुढे डायबिटीसही. जागाच नाही ना ठेवायला.

मग पेशी किती असतात? काही हजार कोटी. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये कर्स्टी स्पाल्डिंग यांच्या टीमने 2008 मध्ये पेशींचं वय काढलं, तेही अणुबॉम्बमुळे. 1963 पर्यंतच्या उघड्यावरच्या चाचण्यांनी हवेत कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन वाढला, तो पिकांतून जेवणात आणि जेवणातून माणसांच्या डीएनएमध्ये आला, आणि पेशी कधी जन्मली याचा शिक्का बसला. निघालं असं की दरवर्षी साधारण 10 टक्के पेशी मरतात, तितक्याच नव्या येतात, पण एकूण आकडा लहानपणी आणि किशोरवयातच ठरून जातो. वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या लोकांच्या पेशी दोन वर्षांनी मोजल्या, पेशी आकाराने लहान झाल्या होत्या, संख्या तेवढीच.

म्हणजे बघायचं तर लहानपण बघायला हवं. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं मोजली आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी 2.7 किलो, तिकडची 3.5. आपल्या बाळांचे हातपाय काटकुळे, पोट लहान, सगळंच कमी. पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटा लावून कातडीची घडी मोजली तर तिथे फरक सगळ्यात कमी, म्हणजे बाकीचं अंग भरलं नाही पण चरबी राखली गेली. गर्भात चरबीच्या पेशी चौदाव्या ते सोळाव्या आठवड्याच्या सुमारास दिसायला लागतात, तेव्हा हे काम जन्माच्या कितीतरी आधी सुरू झालेलं. पुण्यातल्या बाळांच्या नाळेतलं रक्तही त्यांनी तपासलं. इंग्लंडच्या बाळांपेक्षा त्यात एक गोष्ट जास्त होती, ग्रीन यांच्या पेशींना दिलेल्या मिश्रणातली तीच पहिली, इन्सुलिन.