पुस्तक, टेबल आणि चार अनोळखी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान या विषयांना आपण मानव्यविद्या म्हणतो. पदवी पदरात पडली की बहुतेकांचा त्यांच्याशी संबंध संपतो. अमेरिकेत हा संबंध तुटू नये म्हणून प्रत्येक राज्यात एक परिषद काम करते. आज तिच्याविषयी बोलू.

१९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज' ही मानव्यविद्यांच्या कामाला अनुदान देणारी केंद्रीय संस्था उभी राहिली. पण पैसा विद्यापीठांत आणि संशोधकांकडेच जिरला, तर बाकीच्या जनतेच्या वाट्याला काय येणार? म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मेन, ओरेगन, जॉर्जिया अशा सहा राज्यांत परिषदांचा प्रयोग झाला. आता राज्यं, राजधानी आणि पोर्तो रिकोसारखे प्रदेश धरून अशा ५६ परिषदा आहेत. गंमत म्हणजे, यातल्या बहुतेक सरकारी खाती नाहीत. पैसा केंद्राकडून येतो, पण कारभार स्वतंत्र, ना-नफा संस्थेचा.

काम कसं चालतं, ते मेन राज्यात बघा. बँगोर शहरातल्या एका रुग्णालयात १९९७ साली साहित्यवाचनाचा एक उपक्रम सुरू झाला. डॉक्टर, परिचारिका, कार्यालयातले कर्मचारी आधी घरी एखादी कथा किंवा कविता वाचतात आणि मग एका टेबलाभोवती जमतात. चर्चा पुढे न्यायला साहित्याचा एखादा अभ्यासक असतो. मोठे डॉक्टर बोलले की इतरांनी मान डोलवायची, हा रुग्णालयाचा शिरस्ता तिथे चालत नाही. कवितेचा अर्थ लावताना हुद्दा काय कामाचा? मरणाच्या दारातल्या रुग्णाविषयीची कथा वाचताना, रोज त्याच्या उशाशी उभी राहणारी परिचारिका जे सांगते ते ऐकूनच घ्यावं लागतं. हा उपक्रम पुढे इतर राज्यांतही गेला.

लुइझियानाची तऱ्हा वेगळी. तिथे १९९१पासून ग्रंथालयात अख्खं कुटुंब बोलावतात. वाचनाची फारशी सवय नसलेले आईबाप आणि त्यांची मुलं. कथाकथनकार चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतो, मग अभ्यासक प्रश्न टाकतो. गोष्टीतला तो माणूस लोभी होता की नुसता भुकेला? आई एक बोलते, पोरगा दुसरंच. उत्तर कुणीच जाहीर करत नाही, आणि मला तरी यातलं खरं शिक्षण हेच वाटतं.

याखेरीज लहानसहान अनुदानं असतात. कुठे स्थानिक इतिहासाचं व्याख्यान, कुठे म्हाताऱ्यांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय-संस्थेची फिरती प्रदर्शनं परिषदांच्या मदतीने आडगावांत पोचतात. अनुदान घेणाऱ्याला आपलाही वाटा दाखवावा लागतो. तो रोखच हवा असं नाही, स्वयंसेवकांचे तास किंवा फुकट मिळालेलं सभागृहसुद्धा हिशेबात धरता येतं. अर्ज आणि अहवालांची कटकट मात्र आहेच, त्यातून सुटका नाही.

या व्यवस्थेची कच्ची बाजू २०२५च्या एप्रिलमध्ये उघडी पडली. केंद्रीय संस्थेने परिषदांची चालू अनुदानं एकाएकी रद्द केली. मेलन फाउंडेशन या खासगी देणगीदार संस्थेने दीड कोटी डॉलरची तातडीची मदत जाहीर केली, पण केंद्राकडून मिळणाऱ्या रकमेपुढे ती थोडीच होती. ओरेगनची परिषद आणि सगळ्या परिषदांचा महासंघ न्यायालयात गेले, आणि ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने तात्पुरता आदेश दिला. तोवर अनेक परिषदांनी माणसं कमी केली होती, ठरलेले कार्यक्रम गुंडाळले होते. मोठ्या शहराला दुसरा देणगीदार सापडतो. लहान गावातल्या ग्रंथालयाला मात्र परिषदेखेरीज दार ठोठवायला जागा फार थोड्या असतात.

नमस्कार.