सराफ्यातली अंगठी आणि अकरावं गुणसूत्र

इंदूरचा सराफा रात्रीच्या खाण्यासाठी नावाजलेला, पण दिवसा इथं सोन्याचंच काम चालतं. अंगठी घट्ट झाली म्हणून ती वाढवून घ्यायला बायका येतात. अंग भरलं, वय वाढलं, एवढंच बहुतेकींचं कारण असतं. क्वचित एखादीचं मात्र बोटच रुंद होत असतं. चपलेचा नंबर वाढतो, आवाज जाड होतो, खालचा जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात. हे सगळं इतकं सावकाश होतं की रोज बघणाऱ्या घरच्यांनाही कळत नाही. म्हणून डॉक्टर जुने फोटो मागतात. लोकमान्यनगरातल्या घराघरात जपलेला लग्नाचा अल्बम इथं खरोखर कामी येतो.

या आजाराला ॲक्रोमेगॅली म्हणतात. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे पियूषिका ग्रंथी असते, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्यात गाठ होते आणि वाढीचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त पाझरू लागतं. ही गाठ बहुतेक कधीच कर्करोगाची नसते.

अशा 30 ते 40 टक्के गाठींत जीएनएएस या जनुकात बदल सापडतो. या जनुकापासून बनणारं प्रथिन बाहेरचा निरोप आला की जागं होतं आणि काम झालं की स्वतःच शांत होतं. बदललेल्या प्रथिनाला शांत होता येत नाही. दारावरच्या घंटेचं बटण आत अडकून बसावं, तसं ते पेशीला ‘वाढ, संप्रेरक बनव’ असं सांगतच राहतं. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडेही जात नाही. तो फक्त त्या गाठीत असतो. घाबरलेल्या घराला ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी.

थोड्या घरांत मात्र वारसा असतो. आजोबांना सारखे मुतखडे, आत्याच्या पोटात न भरणारे अल्सर, पुतणीची पाळी थांबलेली. तिघांचे डॉक्टर वेगळे, फायली वेगळ्या. पण पॅराथायरॉइड (थायरॉइडला लागून असलेल्या छोट्या ग्रंथी), स्वादुपिंड आणि पियूषिका या तिन्हींतल्या गाठींमागे एकच जनुक असू शकतं, एमईएन-1. ते 1997 साली अकराव्या गुणसूत्रावर सापडलं. त्याचं प्रथिन मेनिन पेशींच्या वाढीला आवर घालतं. अशा घरांतल्या रुग्णात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतःच सदोष असते. एखाद्या पेशीत दुसरीही गेली की आवर सुटतो.

त्याच अकराव्या गुणसूत्रावर एआयपी हे जनुक आहे. पियूषिकेच्या गाठींशी त्याचं नातं 2006 साली फिनलंडमधल्या कुटुंबांमुळे कळलं. 1783 साली वारलेला आयर्लंडचा चार्ल्स बर्न साडेसात फुटांहून उंच होता. त्याच्या दातांतून काढलेल्या डीएनएत याच जनुकातला बदल 2011 साली आढळला, आणि उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही कुटुंबांतही अगदी तोच.

आपल्याकडे असं काही निघालं की पहिला विचार येतो मुलीच्या लग्नाचा. फाइल कपाटात जाते, काकांनाही सांगितलं जात नाही. ही भीती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत भावंडांना मोजावी लागते. एआयपीतला बदल असलेल्यांपैकी बहुसंख्यांना आयुष्यभर गाठ होतच नाही. ज्यांना होते, त्यांच्यात ती बहुधा तरुणपणीच वाढते. वेळेवर कळली तर नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढता येते.

रेट या जनुकाच्या बाबतीत तर लपवणं फारच महाग पडतं. त्यातल्या काही बदलांमुळे थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग जवळपास अटळ असतो. सगळ्यात तीव्र बदल असेल, तर बाळाची थायरॉइड वर्षाच्या आत काढण्याचा सल्ला देतात. पालकांपैकी एकात बदल असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं, आणि ज्याच्यात बदल नाही त्या मुलाला या आजारासाठी पुन्हा कुठल्याही तपासणीला नेण्याची गरज उरत नाही.