मापाचं पाणी

[दृश्य: उन्हाळ्यातला उघडा माळ. मुरूम, कुसळं, दूर पुरंदरचा गड.]

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडच्या पुढे आलं की हिरवा रंग हळूहळू विरत जातो. पावसाळी ढग पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यांवर मोकळे होतात. पूर्वेकडे पोचतं ते त्यांचं उरलंसुरलं. पुरंदर तालुक्याचा हा भाग पिढ्यान् पिढ्या आभाळाकडे बघत जगला.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. ते साल ज्यांनी पाहिलं, त्यांच्या तोंडी आजही दोन शब्द हमखास येतात: सुकडी आणि मिलो. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटला जाणारा कोरडा खाऊ, मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. शेतकरी, शेतमजूर, लेकुरवाळ्या बायका, सगळे दुष्काळी कामावर. काम कसलं? खडी फोडायचं. रस्त्याकडेला खडीचे ढीग वाढत होते आणि गावात हंडाभर पाणी नव्हतं.

ते बघायला पुण्याहून एक इंजिनिअर आले. विलासराव साळुंखे. जन्म १९३७ चा. पुण्यात त्यांचा स्वतःचा कारखाना होता, ॲक्युरेट इंजिनिअरिंग. तिथे अचूक मोजमापाची उपकरणं बनत. केसाच्या जाडीहून बारीक फरक पकडायचा, हा त्यांचा धंदा. अशा माणसाला त्या खडीच्या ढिगांत काय दिसलं असेल? हिशेबातली चूक. हजारो हात राबतायत, सरकारचा पैसा खर्च होतोय आणि पुढच्या उन्हाळ्यात गाव पुन्हा तिथेच. हेच हात पाणी अडवायला का लावू नयेत?

प्रश्न विचारून ते पुण्याला परत गेले असते, तरी कुणी नाव ठेवलं नसतं. कारखाना होता, संसार होता. पण १९७४ मध्ये साळुंखे दांपत्याने ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं केलं. पुरंदरमधल्याच नायगावच्या देवस्थानाची ४० एकर जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. जमीन कसली, उताराचा बोडका माळ! गावातल्या जाणत्यांना हा शहरी माणसाचा नाद वाटला असेल, तर त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

[दृश्य: उतारावरचे समतल बांध, खाली तलाव, त्याखाली विहीर.]

रचना बघा, सोपी आहे. उतारावर आडवे बांध घातले. धावणारं पाणी तिथे थबकलं, माती तिथेच राहिली. सगळ्यात खाली पाझर तलाव. त्याच्या खालच्या अंगाला विहीर. तलावातलं पाणी जमिनीत मुरून विहिरीत उतरायचं आणि पंपाने ते पुन्हा वरच्या शेतात चढवायचं. वर झाडं, खाली ज्वारी आणि भाजीपाला. जिथे कुसळं उगवत होती तिथे धान्याची रास पडली.

इथपर्यंत ही गोष्ट एका चांगल्या शेतीप्रयोगाची आहे. असे प्रयोग महाराष्ट्रात आणखीही झाले. विलासरावांचं वेगळेपण पुढच्या प्रश्नात आहे: अडवलेलं पाणी कुणाचं?

आपल्याकडे पाणी जमिनीमागे जातं. ज्याची जमीन मोठी, त्याची मोटर मोठी. विलासरावांनी माप बदललं. पाणी माणशी द्यायचं. एका माणसामागे अर्ध्या एकराला पुरेल एवढं. एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं, म्हणजे पाच माणसांचं. घरात दोघंच असतील, तर वीस एकराच्या मालकालाही एकाच एकराचं पाणी. आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही? त्यालाही हक्क. त्याने आपल्या वाट्याचं पाणी घेऊन दुसऱ्याच्या रानात वाट्याने पीक करावं. जमीन विकली, तरी पाणी तिच्याबरोबर विकता येणार नाही.

हीच पाणी पंचायत.

फुकट काहीच नव्हतं. गावच्या पाणी योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभार्थींनी आधी उभा करायचा. ५० टक्के सरकारी अनुदान, उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी. पाणी सोडायला गावातलाच पाटकरी. कुणाची पाळी कधी, हे गावाने ठरवायचं.

आणि एक नियम, माझ्या मते सगळ्यांत अवघड. ऊस लावायचा नाही. भूमिहीनाला पाणी देणं एक वेळ गाव मान्य करील. पण पश्चिम महाराष्ट्रात, साखर कारखान्यांच्या मुलखात, हाताशी पाणी असताना ऊस नको म्हणणं? उसाला बाराही महिने पाणी लागतं. तेवढ्यात कितीतरी घरांची ज्वारी-कडधान्यं पिकतात. हिशेब सरळ होता, पण गोड नव्हता.

[दृश्य: बांधावर बसलेल्या बाया. बैठक चालू आहे.]

या कामात विलासरावांच्या पत्नी कल्पनाताई साळुंखे पहिल्यापासून होत्या. समाजासाठी झटणाऱ्या माणसाच्या घराबद्दल आपण सहसा त्याग, सोसणं असं बोलतो आणि पुढे सरकतो. इथे तसं बोलून भागणार नाही. काम दोघांचं होतं. घर आणि गाव अशी वाटणी त्यांनी केलीच नव्हती.

सगळं जमलं असंही नाही. काही योजना वर्षानुवर्षं चालल्या, काही बंद पडल्या. पंप, वीजबिल आणि भाऊबंदकी या तिन्हींना एकाच वेळी सांभाळणं गावाला सोपं नसतं. राज्याने पाण्याचा हक्क माणशी कधी मोजला नाही. त्यासाठी विलासराव शेवटपर्यंत भांडत राहिले.

२००२ मध्ये ते गेले. प्रतिष्ठानचं काम कल्पनाताईंनी पुढे नेलं.

[दृश्य: संध्याकाळ. सरीतून पाणी धावतंय. पाटकरी फावडं घेऊन वाफ्यापाशी.]

या वाफ्याची पाळी संपली. पाटकरी दारं मोडतो. पाणी पुढच्या रानात शिरतं.