जांभळ्या बल्बातलं रक्त

मिरज स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं ‘दवाखान्यात चला’ म्हणून बघा. गाडी सुरू करायच्या आधी तो विचारतो, ‘कुठल्या?’ डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं हॉस्पिटल काढलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं आणि दवाखाने तर गल्लीगणिक झाले. जतवरून, कवठेमहांकाळवरून, पार अथणीकडून पेशंट येतात. पेशंट आला की त्याचं रक्त काढणं आलं, आणि रक्त काढलं की लॅब आली. त्यामुळे बारावी सायन्सला टक्के कमी पडले की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘डीएमएलटी कर की, गावातच नोकरी लागंल.’ डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. इथं बसलेल्या मुलांनो, तुमच्यातले निम्मे तसेच आलेत. लाजू नका, मीही तसाच आलो होतो.

मघाशी चहा घेताना एका पालकांनी विचारलं, ‘सर, आता सगळं मशीनच करतंय म्हणे, मग पोरानं शिकायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. सेल काउंटरला, म्हणजे पेशी मोजायच्या मशीनला, बल्ब (रक्ताच्या नळीला आम्ही बल्ब म्हणतो) लावला की मिनिटभरात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळं छापून येतं. आम्ही न्यूबॉअर चेंबरवर, म्हणजे रेघांच्या काचेवर, मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी मोजायचो, मान आखडायची. ते दिवस गेले, बरं झालं. पण पुढ्यात ठेवलेलं रक्त कुणी काढलं, कसं काढलं, हे मशीनला कळत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीला लागून तीन-चार महिने झाले असतील. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. एक आजोबा आले, नस सापडेना. कशीबशी सुई लागली तर रक्त थेंब थेंब. जांभळ्या टोपणाचा बल्ब भरला, पण लाल टोपणाच्या प्लेन, म्हणजे आत औषध नसलेल्या, बल्बात तळाला जेमतेम. पुन्हा टोचायचं माझ्या जिवावर आलं. इकडंतिकडं बघितलं आणि जांभळ्यातलं थोडं प्लेनमध्ये ओतलं. माणूस तोच, रक्त तेच, काय बिघडतंय?

दुपारी रीडिंग आलं. पोटॅशियम आठाच्या वर. ते असावं साडेतीन ते पाचच्या आसपास. आठ म्हणजे हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. मी डॉक्टरांना फोन करायला धावलो. आमच्या सीनियरना आम्ही बापू म्हणायचो. त्यांनी कागद हातातून घेतला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. कॅल्शियम चारच्याही खाली, म्हणजे असायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा नाही.

‘हे बघितलंस?’

मी गप्प.

‘एवढ्या कॅल्शियमवर माणूस आकडी येऊन पडलेला असतो. आजोबा तर बाहेर बाकड्यावर शेंगा फोडत बसलेत.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘जांभळ्यातनं किती ओतलंस?’

जांभळ्या बल्बात इडीटीए असतं, पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून तर रक्त गोठत नाही. मी ओतलं तेव्हा पोटॅशियमची भर घातली आणि कॅल्शियम पळवलं. मशीननं मोजलं ते बरोबरच, फक्त ते आजोबांचं उरलं नव्हतं. त्या आकड्यावर विसंबून कुणी पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन दिलं असतं, तर धडधाकट माणूस आमच्यामुळे संकटात आला असता. बापू ओरडले नाहीत. मला आजोबांपुढे नेऊन उभं केलं आणि सांगायला लावलं, ‘चूक माझी झाली, पुन्हा रक्त द्यावं लागंल.’ आजोबांनी निमूट दुसरा हात पुढं केला. त्या हाताची नस मात्र पटकन सापडली.

तेव्हा एका बल्बातलं औषध दुसऱ्यात जाऊ नये म्हणून रक्त भरायचा बल्बांचा क्रम आधी अंगवळणी पाडा. कल्चरची, म्हणजे रक्तातले जंतू शोधायची, बाटली पहिली, मग निळा, मग लाल किंवा पिवळा, हिरवा, जांभळा, शेवटी राखाडी. निळ्यात सायट्रेट असतं, एक भाग त्याचा आणि नऊ भाग रक्ताचे या हिशोबानं. खुणेपर्यंत भरला नाही तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, उगाच लांबतो. राखाडीत साखरेसाठी फ्लोराइड घालतात, कारण बल्बातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात बसतात, तासाला पाच-सात टक्के. शिराळ्याहून साध्या बल्बात चार तासांनी आलेल्या सॅम्पलची शुगर कमीच दिसणार. पेशंट खूश होऊन पेढा खाणार!

सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढलेला बल्ब मशीनवर ठेवायच्या आधी उजेडात धरा. सीरम, म्हणजे वर सुटलेलं पाणी, पिवळंजर्द असेल तर कावीळ; सांगलीकराला हळदीचा रंग मी काय सांगू? कोकम सरबतासारखं गुलाबी असेल तर पेशी फुटल्यात, पोटॅशियम पुन्हा खोटं वाढणार. ताकासारखं गढूळ दिसलं तर चरबी आहे, आधी विचारा जेवून आलाय का. आणि पहिला पेशंट यायच्या आधी रोज कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, मशीनला लावायचा. सतारमेकर गल्लीत जवारी लागल्याशिवाय, म्हणजे सूर नीट बसल्याशिवाय, कुणी सतार गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, तसंच हे.

रक्तगटाचं तेवढं सांगतो. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो गट शोधला, त्याला जग बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा. नुसतं अँटी-ए, अँटी-बी ही गट ओळखायची औषधं टाकून बघितलं तर तो हुबेहूब ‘ओ’ दिसतो. उलटी तपासणी केली, म्हणजे त्याचं सीरम घेऊन त्यात ओ गटाच्या पेशी मिसळल्या, तर गुठळ्या होतात. त्याला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतेल. उलटी तपासणी ‘वेळखाऊ’ म्हणून टाळणारे मी पाहिलेत. त्यांच्या हाताखाली शिकू नका.

आता पालकांसाठी दोन शब्द. प्रवेश घेताना भिंतीवरची सर्टिफिकेटं बघू नका. कोर्सला मान्यता कुणाची आणि नंतर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का, एवढं लेखी विचारा. ‘पोरगा स्वतःची लॅब टाकंल’ हे स्वप्न असेल तर डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं ते लक्षात ठेवा: रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. आणि मुलं सुईला हात लावायच्या आधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. डोस तीन असतात, शेवटचा सहा महिन्यांनी.

बाकी बोलून येत नाही. मागच्या टेबलावर काचा ठेवल्यात. दहा-दहा जण या, हातमोजे घाला. रक्ताचा थेंब काचेच्या कडेला ठेवायचा, दुसरी काच तिरकी धरून टेकवायची, थेंब काठाभर पसरू द्यायचा आणि एका दमात पुढं न्यायची, थांबायचं नाही. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, जिभेच्या आकाराचा, टोकाला विरळ होत गेलेला हवा. पहिल्या चार-पाच वाया जाणार, काचा भरपूर आणल्यात. मोडलेली काच मात्र तिथल्या निळ्या डब्यातच टाका, खिशात नको.